मिठागरात उभी सापडलेली कुबडी

मित्रांनो, पाय दुखावलेला माणूस काखेत धरून चालतो ती लाकडी कुबडी तुम्ही कधीतरी पाहिली असेल. मी तशीच एक जुनी कुबडी आहे. वर कापडाची गुंडाळी, मध्ये हाताला मूठ आणि खाली रबराचं टोपण, एवढाच माझा देह. भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका घरात, ओटीवरच्या खुंटीला मी टांगलेली असते.

मला गावच्या सुताराने घडवलं ते धर्माजींसाठी. धर्माजी मिठागरात काम करत. एकदा डोक्यावर मिठाची पाटी असताना त्यांचा पाय चिखलात रुतला आणि अंग मात्र वळलं. गुडघ्यात कट्‌कन आवाज झाला. घरी पोहोचेपर्यंत गुडघा टम्म सुजला. घरच्यांनी त्यांना सुचलं ते केलं. गरम विटेने शेकलं. शेजारच्या धाकूने तेल लावून जोरजोरात चोळलं. सूज आणखीच वाढली. ती थोडी उतरताच धर्माजी पुन्हा कामावर गेले, आणि चालता चालता गुडघा दगा देऊ लागला. डॉक्टरांना दाखवलं ते फार उशिरा. गुडघ्याच्या आतला, हाडांना धरून ठेवणारा दोरीसारखा बंध तुटला होता. तशाच पायावर कामं करून आतली गादीही फाटली होती.

मग मी आले. आम्ही दोघं अंगणातून निघालो की आधी माझा ठक्‌ असा आवाज होई, मग चांगल्या पायाचं पाऊल पडे, मग दुसरा पाय फरपटत येई. त्या आवाजावरून गावातली पोरं धर्माजींना ओळखत. दसऱ्याला ते मला तेल लावून पुसत आणि झेंडूचं फूल बांधत. "ही हाय म्हनून मी हाय," असं ते सुनेला, रंभाला, सांगत. ते ऐकून मला फार बरं वाटे.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, ते मला घेऊन मिठागराकडे निघाले. ऊन पांढरं होतं, मीठही पांढरं होतं. दूरवर माणूस नव्हता, पक्षी नव्हता. बांधाच्या टोकाला त्यांनी मला चिखलात उभं रोवलं आणि हात सोडला. मित्रांनो, माझ्या टोकाला जमिनीतलं सगळं कळतं. मला त्यांची पावलं जाणवली. एक पाऊल, मग दुसरं, दोन्ही सारखी, दोन्ही भरीव. फरपट नव्हती. ती पावलं माझ्यापासून दूर, मिठाच्या दिशेने गेली आणि हळूहळू जाणवेनाशी झाली.

सूर्य कलल्यावर माणसं शोधायला आली. मी तिथे सरळ उभी होते. धर्माजींच्या पावलांचे ठसे माझ्यापर्यंत आलेले होते. माझ्यापुढचा चिखल मात्र कोरा होता. खाडीत शोधलं, उत्तनच्या होडीवाल्यांनी किनारा पाहिला. धर्माजी कुठेच सापडले नाहीत.

मला घरी आणून खुंटीला टांगलं. माझ्यावर धूळ चढली, कोळ्यांनी जाळी विणली. रंभा मला पुसत नसे. कारण कधी कधी भरदुपारी अंगणातून ठक्‌, पाऊल, फरपट असा आवाज येई. तो माझाच आवाज होता, आणि मी तर खुंटीवर होते.

अशी काही वर्षं गेली. धर्माजींची नात हेमाली नववीत गेली. ती शाळेच्या कबड्डी संघात होती आणि आंतरशालेय सामने तोंडावर आले होते. सरावात एका मुलीने तिला धरलं तेव्हा तिचा पाय घोट्यातून आत मुरगळला. मैत्रिणींनी तिला रिक्षाने घरी आणून ओटीवर बसवलं. रंभाने शेकायला पाणी तापत ठेवलं आणि धाकूला बोलावलं. धाकू आता थकला होता, पण हात तसेच होते.

"मुरगळलाय. वढला की जागेवर बसंल," तो म्हणाला. "जरा दम धर गो."

"काका, उद्या खेळता आलं पाहिजे," हेमाली म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

धाकूने टाच एका हातात घेतली, चवडा दुसऱ्या हातात घेतला. इतक्यात अंगणात आवाज झाला. ठक्‌. पाऊल. फरपट. आवाज ओटीच्या पायरीपर्यंत आला आणि थांबला.

"कोन हाय?" रंभाने विचारलं.

पायरीवर उन्हाशिवाय काही नव्हतं. धाकू माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने हेमालीचा पाय अलगद उशीवर ठेवला.

"यो पाय मी न्हाय वढनार," तो हळू आवाजात म्हणाला. "डाक्टरकडं ने हिला."

तेवढ्यात खेळाच्या आशाबाई आल्या. त्या शाळेत नवीन होत्या. वाटेत मासळीवाल्या बाईकडून त्यांनी पिशवीत बर्फ मागून आणला होता.

"आजोबा कुठे निघाले एवढ्या उन्हात?" त्यांनी सहज विचारलं. "आत्ता फाटकातून बाहेर गेले. या वयात काय ताठ चालतात."

रंभाने आत जाऊन चुलीवरचं पाणी उतरवलं.

आशाबाईंनी विचारलं, "हेमाली, उभी राहून थोडं चालता येतंय?"

"नाही बाई. पाय टेकवतच नाही."

त्यांनी घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर बोट हलकेच दाबलं. हेमाली कळवळली. "नुसता मुरगळलेला पाय असा हाडावर दुखत नाही," आशाबाई रंभाला म्हणाल्या. "पायावर भार घेता येत नाही, हाडावर दुखतंय, म्हणजे एक्स-रे काढायलाच हवा. तोवर शेकायचं नाही, चोळायचं नाही." त्यांनी बर्फ कापडात गुंडाळून घोट्यावर थोडा वेळ धरला. मग पट्टी बांधली, पण घट्ट नाही, बोटं निळी पडू नयेत इतपतच. पाय उशांवर उंच ठेवून तिला रिक्षात बसवलं.

हाडाला तडा गेला होता. "ओढलं असतं तर हाड सरकलं असतं," डॉक्टर म्हणाले. प्लास्टर घातलं आणि दोन कुबड्या घ्यायला सांगितल्या. एक नवी ॲल्युमिनियमची आली. दुसरी मी. भार काखेवर नाही, तळहातांवर घ्यायचा, हे डॉक्टरांनी तिला शिकवलं.

शाळेच्या वाटेवर मिठागराचा बांध लागतो. तिथे आलं की हेमालीचा माझ्याकडचा हात बांधाकडे ओढला जाई. "आये, ही कुबडी तिकडं वळते," ती म्हणे. "ही नवी नाही वळत."

"तू समोर बघून चाल," रंभा म्हणे आणि तिचा खांदा धरे. मित्रांनो, मी वळत नव्हते. माझ्या मुठीवर हेमालीच्या हाताखाली आणखी एक हात असे.

प्लास्टर निघाल्यावर ते थांबलं. सामने हुकले म्हणून हेमाली रडली. लगेच मैदानावर जाण्याचा हट्टही केला. पण डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तिने ओटीवर रोज केले. भिंतीला धरून टाचा उचलायच्या, दुखऱ्या पायावर तोल सांभाळायचा. पुढच्या वर्षी ती खेळली.

रंभा मला चुलीत घालणार होती. हेमालीने घालू दिलं नाही. तिने माझं झिजलेलं टोपण बदललं, कापड धुतलं. आता गावात कोणाचा पाय दुखावला की लोक मला मागून नेतात. मुलांनो, मुरगळलेला पाय हसण्यावारी नेऊ नका. त्याला विसावा द्या, थंड शेक द्या, उंच ठेवा, आणि भार घेता येत नसेल तर वेळेवर डॉक्टरांना दाखवा. मग हवं तर मला खुशाल घेऊन जा. फक्त परत द्यायला येताना मला खांद्यावर टाकून, आपल्या दोन्ही पायांवर चालत या.