हळू चालणारा

त्या सिनेमातला खुनी म्हणजे माझे वडील. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि गावात कुणालाच पटत नव्हतं.

आप्पांचं तेव्हा लग्न व्हायचं होतं. दिवाळी झाली की आमच्या आटपाडीकडची माणसं मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायची. वाटेत कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत द्यायचं आणि पुढं सरकायचं. त्या साली आप्पांचा कळप वाईच्या वर, पाचगणीच्या उतारावर होता. तिथल्या एका बंगल्यात सिनेमावाले आलेले. सहलीला आलेल्या पोरापोरींना एकेक करून गाठणारा, मुखवटा घातलेला एक माणूस, एवढीच गोष्ट. रात्री दिवे लावायची ऐपत नव्हती, म्हणून भर उन्हात कॅमेऱ्यापुढं निळी काच धरून रात्र करायचे. आप्पा हे सांगताना दर वेळी हसायचे. "दिवसा रात! मेंढरं चरत्यात आन् ही मानसं अंधारात चाचपडत्यात!"

खुन्याचं काम करणारा नट उतारावरून पळताना पाय मुरगळून पडला. बांधावर बसलेल्या आप्पांना हसू आवरेना. दिग्दर्शक चिडला. आप्पा म्हणाले, "आवं सायेब, पळतंय कशाला त्ये? मेंढरामागं पळलं की कळप फुटतोय. चालत ऱ्हायाचं. हळू. मग कुटं जात्यात?"

त्यांनी चालून दाखवलं. दिग्दर्शकानं म्हणे पुन्हा पुन्हा चालायला लावलं. मग आप्पांना मुखवटा चढवला, हातात कुऱ्हाड दिली, घोंगडं त्यांचं स्वतःचंच होतं. पुढचे सगळे खून आप्पांनी केले.

शेवटी मात्र मुखवटा निघतो. तोवर नटाचा पाय बरा झालेला. खरसुंडीच्या जत्रेत तंबूत तो सिनेमा लागला तेव्हा अख्खं गाव आप्पांना बघायला गेलं, आणि मुखवट्याखालून गोरागोमटा, मिशी कोरलेला माणूस निघाला. तंबू हसून हसून पडायचा राहिला. "आकाराम, तुजं तोंड कुटं गेलं रं गड्या?" हे आप्पांना म्हातारपणापर्यंत पुरलं. मी शाळेत असतानाही पारावरून कुणीतरी ओरडायचंच. आप्पा थांबायचे नाहीत. खांद्यांवर काठी आडवी, तिच्यावर दोन्ही मनगटं टाकलेली, त्याच चालीनं निघून जायचे.

आता आप्पा आणि आई आमच्याकडं साताऱ्यात असतात, दोन खोल्यांत. मेंढरं विकली, कारण आप्पा एकदा कळप सोडून भलत्याच दिशेला चालत गेले. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडात धरून दाखवला आणि म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आहे ते जपा. आहे ते दर आठवड्याला कमी होत होतं. पहिल्यांदा गावातली नावं गेली. मग मी गेले. सकाळी चहा दिला की आप्पा अदबीनं विचारायचे, "तुमी कुनाच्या?"

"तुमचीच की, आप्पा. सोनिया."

"व्हय व्हय," म्हणायचे, पाहुण्याला म्हणावं तसं.

माझ्या लेकीला, प्रांजलला पाजताना एक हात मोकळा असतो. त्या हातानं मी फोनवर तो सिनेमा शोधायला लागले. वाटलं, स्वतःला बघितलं तर आप्पांना काहीतरी सापडेल. एकदा तरी ते "ह्यो मी" म्हणतील, आणि मग मी त्यांची कोण हे ओघानं येईल. सिनेमाचं नाव त्यांना कधी धड आठवलं नव्हतं, म्हणून त्या काळातले खुनाखुनीचे सगळेच सिनेमे बघत गेले, आवाज बंद करून.

इंद्रजित, माझा नवरा, कंपनीतून आला की म्हणायचा, "बाळंतिणीनं काय काय बघावं! पोरगी कुऱ्हाड मागंल उद्या."

पण मला ते सिनेमे आवडायला लागले होते. रक्त टोमॅटोच्या सॉससारखं. रात्र म्हणायची आणि झाडांच्या सावल्या खाली लख्ख पडलेल्या. तीन पोरी मरतात, तिघींची किंकाळी तीच. एका सिनेमात मारून टाकलेल्या बाईची पापणी हलते. ते मी मागं नेऊन नेऊन बघितलं. मरून पडली आहे बिचारी, आणि जिवंत आहे. असं मरण मला कुणी दिलं असतं तर मी आप्पांसाठी घेतलं असतं. शिवाय तिथं जे येतं ते दारातून येतं, हातात काहीतरी घेऊन येतं. आपण ओरडू तरी शकतो. आमच्याकडं काय आलं, कुठून आलं, काही दिसलंच नाही.

सापडला तो कुणीतरी जुन्या कॅसेटवरून नेटवर चढवलेला. चित्रावर रेघा, रंग विटलेले. इंद्रजित माझ्या खांद्यावरून बघत होता. "घोंगडं घेतलेला कुणीपण असंल गं."

मग उतार आला. पोरगी डावीकडं पळाली. तो माणूस तिच्यामागं गेला नाही. थोडा उजवीकडून वर चढला, मेंढरू वळवतात तसा, आणि ती आपोआप त्याच्याकडंच वळली. तेव्हा तो थांबला, कुऱ्हाड खांद्यांवर आडवी टाकली आणि तिच्यावर दोन्ही मनगटं लोंबकळत सोडली.

इंद्रजित हळूच म्हणाला, "मामाच की!"

मी रडले. प्रांजल दूध सोडून माझ्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, प्रांजल झोळीत झोपल्यावर, मी आप्पांच्या शेजारी बसले. आई म्हणाली, "दाव बाई. मी न्हाई बघायची. लग्नाच्या आदीचं रगात मला नगं." आणि भिंतीकडं तोंड करून बसली, पण उठून गेली नाही.

आप्पांनी फोन दोन्ही हातांत धरला. उतार दिसला तसा चेहरा उजळला. किती दिवसांनी!

"गवात लय झालंय," म्हणाले. "मेंढरं कुटं हायती?"

आईनं मान वळवली. मी आणखी जवळ सरकले.

मग घोंगडं आलं.

"ह्यो कोन?"

"आप्पा, तुमीच."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पोरगी पळत होती आणि तो चालत होता. आप्पांनी हात मागं घेतले. फोन खाली पडला. ते उठले, दाराला कडी घातली, झोळीतून प्रांजलला उचललं आणि कपाट आणि भिंत यांच्या सांदीत जाऊन बसले. ती दचकून रडायला लागली तसं त्यांनी तिचं तोंड छातीशी दाबलं.

"गप गं पोरी. आलंय त्ये."

"आप्पा, सिनेमा हाय तो. तुमी हाय तो!"

"हळू चालतंय," ते मला समजावत म्हणाले, अगदी शहाण्यासारखं. "पळनारं दमतंय. हळू चालनारं सोडत न्हाई."

एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाकी काही नव्हतं. मी हात पुढं केला, प्रांजलला मागितलं. त्यांनी तिला आणखी घट्ट धरलं आणि विचारलं, "तुमी कुनाच्या?"

आई उठली. तिनं पोरीला कसं सोडवून घेतलं ते मला नीट आठवत नाही. "आवं, मी हाय. तानू हाय," एवढं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आप्पा तेव्हापासून घोंगड्याला भितात. जन्मभर अंगावर होतं ते आईनं माळ्यावर टाकलं. आता प्रांजलच्या फुलाफुलांच्या दुलईत झोपतात, पाय बाहेर राहतात. आरशातल्या माणसालाही भितात, म्हणून कपाटाच्या आरशावर मी साडी लावली आहे. आणि आप्पा आता चालत नाहीत, पळतात. या खोलीतून त्या खोलीत, तुटक तुटक पावलं टाकत, मागं बघत. काठी उचलत नाहीत. ती चाल गेली. ती त्यांना दाखवायला मीच गेले होते.

"आवं, पळू नगा. पडाल," आई मागून म्हणत राहते.

प्रांजल या महिन्यात चालायला लागली. हात वर धरून, एकेक पाऊल टाकत, हळूहळू. तिला वाटतं आजोबा खेळतायत. ती हसत त्यांच्या मागं निघते. आप्पा वळून बघतात आणि आणखी जोरात पळतात. ती पडते, उठते, पुन्हा चालत येते.