खिळ्यावर टांगलेला झोपाळा

मित्रांनो, मी कॅनरी पक्ष्याच्या पिंजऱ्यातला एक जुना झोपाळा आहे आणि मला राग आलेला आहे. गोडगोड ऐकायचं असेल तर दुसरं कुणी गाठा.

गडमुडशिंगीच्या झुंबरबाईंनी मला केलं. परड्यातल्या पेरूची बोटाएवढी काडी आणि दोन बाजूंना वाकवलेली तार. पाय घसरू नयेत म्हणून साल मुद्दाम ठेवली. त्यांचा कॅनरी, पिवळ्या, उडत यायचा, मी हललो की पंख फडफडवून तोल सांभाळायचा आणि गळा फुगवून गायचा. येणारी-जाणारी माणसं ऐकत थांबायची. तीन वर्षं मी असा मिरवलो.

झुंबरबाईंचे मालक ज्ञानू वस्ताद. तालमीत पोरं घडवण्यात त्यांचा जन्म गेला. गुडघे दुखायला लागले, तालीम सुटली आणि ते पिवळ्याच्या मागे लागले. "गड्याला खुराक पायजे की!" म्हणत भिजवलेले बदाम, तीळ, उकडलेलं अंडं. दुसरी वाटी पिंजऱ्यात मावेना, तेव्हा मला काढून समोरच्या खिळ्याला अडकवलं. तिथून मला सगळं दिसायचं, हेच वाईट.

पिवळ्या या वाटीकडून त्या वाटीकडे नुसता चालायचा. पोट सुटलं, नख्या वाढल्या, गाणं थांबलं. पावणं मात्र म्हणायचे, "काय तब्येत हाय, वस्ताद!" आणि वस्ताद मिशीला पीळ द्यायचे. अहो, तब्येत कसली? सूज होती ती!

परवा पिवळ्या वरच्या दांडीवर उडायला गेला आणि धपकन खाली पडला. चोच उघडी टाकून धापा टाकत बसला.

झुंबरबाई भाकरी तव्यावर सोडून आल्या. "अवं, तालमीत एखादं पोरगं नुसतं बदाम खाऊन बसलं, तर काय करत हुतासा?"

"हाकलून लावायचो की!"

"मग ह्यानं कुठं जायाचं? दार तर तुम्हीच लावून घेतलंयसा."

वस्तादांनी दुसरी वाटी काढली, दांड्या दोन टोकांना सरकवल्या, धोतराच्या सोग्याने मला पुसून मध्यभागी टांगलं.

आज पिवळ्याने एक पाय माझ्यावर ठेवला. मी हललो. तो घाबरून मागे सरला.

मित्रांनो, पाखरू पाळायचंच असेल तर त्याच्या पंखांना रोज काम द्या. लाडाने वाट्या भरून त्याची जागा अडवू नका.

वस्ताद पिंजऱ्याला तोंड लावून म्हणतात, "ये गड्या, एक पाय तरी." पिवळ्या पाय उचलतो. मी जमेल तितका स्थिर राहतो. झोपाळ्याने स्थिर राहायचं! ही वेळ कुणी आणली?