नारळाचा तुकडा

तडजोड करण्यात माझ्या आबांचा हात धरणारा माणूस सापडायचा नाही. बांधाचं भांडण असो की सोयरिकीतला रुसवा, लोक आधी हनुमंतरावांना बोलावतात, पोलिसांना नंतर. आमच्या गावात बैठकीचा शेवट मारुतीच्या देवळात नारळ फोडून होतो. खोबऱ्याचा तुकडा ज्यानं खाल्ला, तो शब्दाला बांधला गेला.

यंदा सरपंचपद दलित महिलेसाठी राखीव निघालं. आबांनी निवडणूक बिनविरोध करून दाखवली. दलित वस्तीतली धम्मप्रिया सरपंच होणार, पण प्रजासत्ताकदिनाचा झेंडा उपसरपंच रामलिंग फडकवणार, असं ठरलं. नारळ फुटला.

मी लातूरला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. प्रजासत्ताकदिनाच्या सुट्टीला गावी आले होते, आदल्या संध्याकाळी ओसरीत पुढच्या तासाचं वाचत होते.

"काय शिकवायलीस?" आबांनी विचारलं.

"अमेरिकेची घटना. दक्षिणेतली राज्यं अडून बसली होती. गुलामांना मत द्यायचं न्हाई, पण लोकसंख्येत मोजायचं, म्हंजे यांचे खासदार वाढणार. घासाघीस होऊन ठरलं, पाच गुलाम म्हंजे तीन माणसं."

आबा खूश झाले. "तोडगा काढणारा लई हुशार व्हता. न्हाई तर देशच झाला नसता."

"त्या बैठकीत गुलाम एकबी नव्हता, आबा. पुढं गुलामी गेली, तरी राज्यं म्हणायची, आमच्यात काळ्यांनी कुठं बसायचं ते आम्ही बघू, केंद्रानं नाक खुपसू नये. शेवटी काळ्या पोरांना गोऱ्यांच्या शाळेत न्यायला फौज पाठवावी लागली."

"शाळंला फौज?" आबा हसले. "आपलं बरं हाय. गावचं गावात मिटतं."

मला संताप आला. "धम्मप्रियाला झेंड्याचं सांगितलं का?"

"तिला काय सांगायचं? सकाळी सांगू."

सकाळी ग्रामपंचायतीपुढं सगळं गाव जमलं. धम्मप्रिया कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून आली आणि सरळ जाऊन तिनं झेंड्याची दोरी धरली. रामलिंग खाकरला. आबा पुढं झाले.

"बाई, झेंडा रामलिंग लावतील. तसं ठरलंय. नारळ फुटलाय."

तिनं आवाज चढवला नाही. "मला तुकडा कुणी दिला, आबा? ज्यांनी खाल्ला त्यांनी शब्द पाळावा."

दोरी तिनं सोडली नाही. तिच्या वस्तीला आत येऊ देत नाहीत त्या देवळात बैठक भरवली, तिथंच तिला बाहेर ठेवलं होतं. ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली.

"हनुमंतराव, तुम्ही शब्द दिला होता," रामलिंग म्हणाला.

"दिला होता," आबा म्हणाले. "पर माझं नव्हतं तेच देऊन बसलो. तुम्ही माझ्यावर रुसा, तिच्यावर न्हाई."

ते मागं सरकून लोकांच्या रांगेत उभे राहिले. झेंडा वर गेला. राष्ट्रगीत म्हणताना रामलिंगचे ओठ हलत नव्हते, पण तो जागचा हलला नाही.

नंतर धम्मप्रिया स्वतः बुंदी वाटत आली. आबांनी ओंजळ पुढं केली, तसा तिनं हात आखडता घेतला.

"बघा बरं, आबा. खाल्ली की बांधले जाल."

गाव बघत होतं. त्या वस्तीतल्या कुणाच्या हातचं आबांनी आजवर पाणीही घेतलं नव्हतं.

"दे," ते म्हणाले, आणि तिथंच, सगळ्यांसमोर, त्यांनी बुंदी खाल्ली.