घोरपडीचं इंजिन

"तात्या, इंजिन काढायचं न्हाय," दिशा म्हणाली आणि तिनं गाडीवर हात ठेवला.

संघपालनं उचललेला पाना परत टेबलावर ठेवला. अंथुर्णे गावात रस्त्याला लागूनच त्याचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींना नव्यानं तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. तांब्याच्या तारांची वेटोळी बाजूला सारून दिशानं तिथं ती रिमोटवरची गाडी आणून ठेवली होती. हातभर लांब, चार जाड रबरी चाकं, प्रत्येक चाक आपापल्या स्प्रिंगवर वरखाली होणारं आणि मधोमध मुठीत मावेल एवढं इंजिन. तिच्या वडिलांनी, म्हणजे संघपालच्या थोरल्या भावानं, बुद्धघोषनं ती घरी बनवली होती. बुद्धघोष साखर कारखान्यात फिटर होता. कॉलेजात असताना एनसीसीत छोटी विमानं उडवायचा. त्याच नादानं त्यानं पुण्याहून जुनं इंजिन आणि रिमोट मिळवला आणि आकाशात उडायचं ते दगडांवर चढवलं. खडकाला चिकटून चढते म्हणून गाडीचं नाव घोरपड.

दिशा आता बारामतीला डिप्लोमा करत होती. कॉलेजच्या प्रदर्शनात दगडांच्या ढिगावर तिला ही गाडी चढवून दाखवायची होती.

"दगडावर इंजिनाचं काम न्हाय गं," संघपाल म्हणाला. "हळू केलं की बंद पडतंय, जोर दिला की उड्या मारतंय. मोटार जागच्या जागी उभी असली तरी ओढती."

"आन बॅटरी? तिचंच वजन किती! अर्ध्यात बसली की मग? इंजिनात तेल वतलं की झालं."

"मोटार चांगली बांधून देतो मी."

"तसं न्हाय, तात्या." दिशाचा आवाज उतरला. "इंजिन आण्णांनी बसवलंय. तेच काढलं तर गाडी आण्णांची राहील का?"

संघपालनं पाना भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. दुकानात तो फक्त विजेच्या मोटारी घ्यायचा. डिझेल इंजिन घेऊन कुणी आलं तर त्याला परस्पर इंदापूरला पाठवायचा. लोकांना वाटायचं, त्याला त्यातलं कळत नाही. घरी जेवायला बसल्यावर जवळपास कुणाचं इंजिन सुरू झालं, तर ते थांबेपर्यंत तो हातातला घास तसाच धरून बसे. बायकोनं एकदोनदा विचारलं, मग तीही ते थांबेपर्यंत भाकरी टाकायची थांबू लागली.

सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात शेजारच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. लाईट नव्हती, म्हणून डिझेल इंजिन विहिरीत खालच्या टप्प्यावर उतरवलं होतं. पाणी ओढेना, म्हणून बुद्धघोष बघायला खाली गेला. त्याला उतरायला सोडलेला दोर धरून वर संघपाल उभा होता. इंजिनाचा धूर विहिरीतच साठत गेला आणि बुद्धघोष परत वर आला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुद्धघोषची बायको ताईबाई दुकानात आली. ती गावात अंगणवाडी चालवत होती.

"इंजिन का नको, भावजी?"

"दगडावर ते..."

"दगडाचं सांगू नका मला." ती स्टुलावर बसली. "ते गेले तवा मी लोणीला, माहेरी. आले तर अंगणात चादरीखाली झाकलेले. त्यांच्या हातचं एवढंच काय ते अजून चालतंय. एकदा आवाज तर ऐकू द्या."

रविवारी सकाळी तिघं गावाबाहेरच्या माळावर गेली. दिशानं इंजिन सुरू केलं. निळसर धूर निघाला, इंधनातल्या एरंडेल तेलाचा जळका वास पसरला आणि तो कर्कश आवाज माळभर झाला. ताईबाईच्या चेहऱ्यावर हसू आलं. "असाच घर डोक्यावर घ्यायचे," ती म्हणाली. संघपाल पाठ फिरवून उभा राहिला.

घोरपड दोन दगड चढली. तिसऱ्यावर तिनं उडी घेतली, कलंडली आणि फटीत आडवी अडकली. इंजिन आणखीनच किंचाळू लागलं.

"तात्या, ऐकत न्हाय!" दिशा रिमोटची दांडी खालीवर करत ओरडली. "बंदच हुईना!"

संघपाल वळला. दगडांच्या फटीत धूर साठत होता आणि आतून आवाज येत होता. त्याचे पाय जागीच राहिले. त्या दिवशी तो विहिरीत उतरायला निघाला, तेव्हा तिघांनी त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला काठावर दाबून धरलं होतं. आज त्याला कुणीच धरलेलं नव्हतं.

तो गेला. गुडघ्यावर बसून त्यानं फटीत हात घातला. तापलेल्या लोखंडाचा चटका बसला, तरी त्यानं हात मागं घेतला नाही. तेलाची बारीक नळी बोटांत सापडली, तशी ती घट्ट दाबली. इंजिन थांबलं.

तो तिथंच बसून राहिला. दिशा धावत आली. "तात्या, भाजलं की!"

"त्या दिवशी ते बंद झालंच न्हाय, वहिनी," संघपाल म्हणाला.

ताईबाई जवळ आली. "काय?"

"इंजिन. दादा खाली पडला, हाक मारली तर ओ न्हाय. आन ते चाललेलंच. खाली जाऊन बंद कुणी करायचं? तेल संपलं तवा थांबलं. तवर आमी वरनं ऐकत बसलो. मला अजून ऐकू येतंय ते."

ताईबाई त्याच्या शेजारी खाली बसली. मग तिनं बाटलीतल्या पाण्यानं पदराचं टोक भिजवलं आणि त्याच्या भाजलेल्या बोटांना गुंडाळलं.

"सहा वर्सं एकटंच ऐकत बसला व्हय, भावजी?"

दिशानं घोरपड फटीतून काढली. इंजिन गार झाल्यावर तिनं स्वतःच पान्यानं त्याचे बोल्ट सोडवले. कुणी सांगितलं नव्हतं. शेवटचा बोल्ट सैल होईना, तेव्हा तिनं पाना संघपालपुढं केला. त्यानं डाव्या हातानं तो फिरवला.

मोटार त्यानं स्वतः बांधली. तोवर दिशानं बॅटरी खाली, चाकांच्या मधे बसवली. वजन खाली गेल्यामुळं गाडी कलंडेनाशी झाली. प्रदर्शनाच्या आधी तिघं पुन्हा माळावर गेली. ताईबाई डोळे मिटून उभी राहिली.

बारीक खडे चिरडल्याचा आवाज तेवढा येत होता. एकेक चाक दगड चाचपत होतं, थांबत होतं, पुन्हा चढत होतं.

"चालू करा की," ताईबाई म्हणाली.

"आई, वर पोचली," दिशा म्हणाली.

ताईबाईनं डोळे उघडले. घोरपड सगळ्यात वरच्या दगडावर उभी होती. ताईबाई साडी सावरत दगड चढून गेली आणि खरंच चालली होती का ते बघायला तिनं मोटारीवर तळहात टेकला.

"गरम हाय की!"

"चाललं की हुतंय गरम," संघपाल खालून म्हणाला.

तिनं हात काढला नाही. मोटार गार होईपर्यंत ती तशीच वाकून उभी राहिली, आणि खाली उन्हात संघपाल आणि दिशा तिच्यासाठी थांबून राहिले.