गोष्टीतून गाळलेली माफी

"मी नाही सॉरी म्हणणार! मागे वळून बघायचं नाही, आपल्या मनाचंच ऐकायचं!"

शेजारच्या मैत्रिणीची रंगपेटी मोडून, वर आठ वर्षांची लेक आईलाच ऐकवत होती. आणि ते वाक्य आईनंच लिहिलेलं होतं! परदेशी सिनेमांचे संवाद आपल्या भाषेत लिहायचे आणि पात्रांच्या ओठांच्या हालचालीत बसवायचे, हे तिचं काम. लिहिताना ती ते मोठ्यानं म्हणून बघे आणि लेक ते टिपून घेई.

सध्याचा सिनेमा एका जुन्या परीकथेवरचा होता. कथेतली मुलगी विहिरीवरच्या म्हातारीची घागर फोडते आणि माफी मागेपर्यंत तिच्या ओंजळीत पाण्याचा थेंब टिकत नाही. सिनेमात मात्र माफीला फाटा! मुलगी तेच 'मागे वळून बघायचं नाही' ऐकवत ऐटीत घोड्यावर बसून निघून जाते.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आईनं मावशींना गाठलं. म्हातारीला आवाज देणाऱ्या या ज्येष्ठ कलाकार साऱ्या स्टुडिओच्याच मावशी होत्या.

"मावशी, शेवटी ती मुलगी पाठमोरी आहे. ओठ दिसतच नाहीत. गुपचूप 'चुकलं माझं' घालून टाकू का?"

मावशींनी हेडफोन काढला. "सिनेमावर एवढा राग? अगं, जुन्या गोष्टीत म्हातारीला कुबड म्हणून ती चेटकीण. यांनी तिला माणसात आणलं, ते बरंच केलं की!"

"पण माफी गेली ना!"

"गेली, आणि ते वाईटच झालं. पण खरं सांग, तुझ्या लेकीनं घरात कोणाला माफी मागताना पाहिलंय?"

आईला आठवलं. गेल्याच आठवड्यात लेकीच्या शाळेत गाण्याचा कार्यक्रम होता. 'नक्की येते' म्हणून ती गेलीच नव्हती, आणि वर चॉकलेटचा डबा देऊन मोकळी झाली होती. छे! पोरीला ही शिकवण सिनेमानं दिली होती की तिनं?

पाठमोरं दृश्य तिनं होतं तसंच ठेवलं. संध्याकाळी घरी येताच ती लेकीजवळ जमिनीवर बसली.

"त्या दिवशी मी गाण्याला आले नाही. चुकलं माझं."

लेकीचे डोळे भरून आले. "मी तुझ्यासाठी पुढची खुर्ची धरली होती. कोणालाच बसू दिलं नाही."

आईनं पोरीला जवळ घेतलं आणि मग घागरीची जुनी गोष्ट पहिल्यापासून सांगितली.

"सिनेमात ती माफी का मागत नाही?"

"माफी मागितली की मुलगी दुबळी दिसेल, असं वाटलं असेल त्यांना."

"पण मग ती पाणी कसं पिणार?" लेकीनं विचारलं. मग ती उठून स्वतःची रंगपेटी घेऊन आली. "तू येतेस?"

"दारापर्यंत येते. बोलायचं तू."

शेजारचं दार उघडलं. लेक आईकडे पाठ करून उभी होती, ओठ दिसत नव्हते. पण शब्द स्पष्ट ऐकू आले, "चुकलं माझं." आणि ते तिला कोणी लिहून दिलेले नव्हते!

मंडळी, गोष्टी बदलतच राहणार. काही बदल चांगले असतील, काही नसतील. पण सिनेमा संपल्यावर मुलांशेजारी बसून त्याबद्दल बोलणं, आणि चुकलो तर त्यांच्यासमोर तसं कबूल करणं, हे काम आपलं आहे. ते कुठलाही सिनेमा आपल्यासाठी करणार नाही.