भिंतीवरच्या नावाची बायको

दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात आमच्या घरातल्या शिपायाचं नाव कोरलंय. तिथं जाऊन हार कोणी वाहायचा, ते आमच्या ओसरीवर ठरत होतं. आणि ज्याचं नाव, त्याची बायको आतल्या खोलीत माझ्या सुचिताला मांडीवर घेऊन तेल चोळत होती. तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

पंचफुलाआजी माझी आजेसासू. एकाहत्तरच्या लढाईत नवरा गेला तेव्हा ती अठराची. वर्षाच्या आत घरच्यांनीच धाकट्या दिराशी तिचा पाट लावला, सून घरातच राहावी म्हणून. इंडिया गेटवर नावं होती ती इंग्रजांच्या लढायांतल्या शिपायांची. एकाहत्तरच्यांसाठी तिथं ज्योत पेटली, पण त्यांची नावं दगडावर यायला दोन हजार एकोणीस उजाडलं. तोवर आजी दुसऱ्यांदा विधवा झाली होती.

"पाट लागला का पयलं नातं मिटलं," भाऊकीतले उकंडराव म्हणाले. माजी सरपंच ते. कोट शिवायलाही टाकून आले होते. "हार मी वाहतो. पुतन्या व्हय मी त्याचा."

"बराबर हाय," मामाजी म्हणाले. माझे सासरे, आजीच्याच पोटचे, दुसऱ्या नवऱ्यापासूनचे. "लोक काय म्हनतीन, दोन नवऱ्याची बाई दिल्लीले नेली?"

माझं डोकंच फिरलं. "मामाजी, दुसरा नवरा तिनं मांगतला व्हता काय? तुमच्याच घरानं गळ्यात बांधला ना?"

"तू आपलं लेकरू पाय."

लेकरू तर तिच्याच मांडीवर होतं!

दिल्लीचा अर्ज मीच मोबाइलवर भरला होता, मामाजींच्या सांगण्यावरून 'पुतण्या' असं लिहून. त्याची लाज वाटली. अर्जावरचा स्मारकाच्या कचेरीचा नंबर तिथंच लावला, स्पीकर सुरू केला आणि माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, त्यांची पत्नी जिवंत आहे, हार त्याच वाहतील.

"माताजी से बात कराइए," पलीकडचा माणूस म्हणाला. फोन घेऊन मी आत गेले. "माताजी, शहीद का पूरा नाम?"

आमच्याकडे जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पाटानंतर आजीनं पहिल्याचा विषयसुद्धा कधी काढला नव्हता. उकंडराव दारात येऊन हसले. "घे म्हना आता नाव."

आजीनं मनगटानं पदर सावरला. हात तेलाचेच होते.

"गोविंदा सखाराम गावंडे," ती फोनला तोंड लावून ओरडली, दिल्ली बहिरी असल्यासारखी. सुचिता दचकून रडायला लागली. तिला थोपटत आजी म्हणाली, "मी बायको त्याची. आन् हा पुतन्या तवा जन्मलाबी नव्हता. किती वाजता यायचं आमी?"

"शाम को, माताजी. सूरज ढलने से पहले."

मामाजी पायात चपला सरकवून बाहेर निघून गेले. उकंडराव मात्र दारातच उभे.

"येऊ दे त्याले संगं," आजी मला म्हणाली. "थैली धराले कोनी पायजेच."