तपासणीआधीचं भांडण

शिलाईवाल्या वहिनीला डॉक्टरांसमोर पास व्हायची भारी हौस. मायस्थेनिया, म्हणजे वापरले की स्नायू थकून ढिले पडणारा आजार; त्याच्या तपासणीदिवशी ती सकाळभर मुकाट पडून राहायची, म्हणजे पापण्या ताठ आणि आवाज खणखणीत. डॉक्टर म्हणायचे, "छान! हेच औषध चालू ठेवू." घरी येईपर्यंत घास चावायलाही तिचा जबडा हलायचा नाही. सलाईनमधलं ते औषध आता पुरत नाही, हे तिलाही कळत होतं. पण ते निदान ओळखीचं होतं. नवं लागू पडलं नाही आणि श्वासच अडकला तर, ही धास्ती.

या खेपेला सोबत नणंद आली आणि गाडीत बसताच तिने भांडण उकरून काढलं.

"वहिनी, माझा लग्नातला पोशाख तुम्ही मुद्दाम घट्ट शिवलात."

"घट्ट? वन्सं, मापं दिल्यावर तुम्हीच आडव्या वाढलात!"

"आणि दादाचे कान कोणी भरले?"

वहिनी तावातावाने बोलत राहिली. दवाखान्याच्या दारात तिचे शब्द नाकातून येऊ लागले, पापण्या मिटायला आल्या. तेव्हा कुठे तिला बोलवून दमवायचा नणंदेचा डाव उमगला.

डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "औषध बदलायला हवं. नव्याचा गुण यायला काही आठवडे लागतील."

"तेही चाललं नाही तर?"

"दुसरं शोधू. खात्री मात्र देता येत नाही."

वहिनीने संमतीचा कागद पुढे ओढला. तिला सहीची जागा दिसावी म्हणून नणंदेने तिची पापणी बोटाने अलगद वर धरली.